फुलपाखरं तुमची, साप आमचे : एका वसाहतीच्या परसबागांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही रो-हाऊसची वसाहत आहे. घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. प्रत्येक घरामागे एखाद्या खोलीएवढं परस आहे आणि दोन ओळींच्या मधे एक अरुंद सामाईक पट्टा. पावसाचं पाणी याच पट्ट्यातून वाहून जातं. घरं तीसच्या आसपास. कारभार कमिटीकडे, झाडांचं काम एका माळ्याकडे आणि पावसाळ्यातल्या धूरफवारणीचं काम एका कंत्राटदाराकडे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. या गटाला सल्ला देणाऱ्यांत मी होतो.

परसं नीटनेटकी होती. निम्म्यात फरशी, उरलेल्यात हिरवळ, कडेला ड्युरांटाचं कुंपण, क्रोटन, दोन-चार शोभेचे पाम. बघायला छान, पण कीटकाच्या नजरेने पाहिलं तर जवळजवळ वाळवंट. ड्युरांटा मूळचा अमेरिका खंडातला आणि क्रोटन पार आग्नेय आशिया-पॅसिफिकच्या पट्ट्यातला. ही झाडं इथल्या फारशा अळ्यांच्या खाण्यात येत नाहीत, आणि अळ्या नाहीत तिथे पिलं वाढवायला पक्षी कशाला येतील?

सुरुवात एका फांदीवरून झाली. पट्ट्यातल्या जुन्या झाडाची वाळकी फांदी कमिटीने कापून घेतली. तिच्या खालच्या बाजूला तांबट पक्ष्याने कोरलेलं भोक होतं आणि आत पिलं होती. तांबट घर करतो ते अशाच मेलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात. कापणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, कापायला सांगणाऱ्यालाही नव्हतं. त्या संध्याकाळी वसाहतीत बरीच हळहळ झाली, आणि त्यातून अकरा घरांचा एक गट तयार झाला. ठरलं असं, की परसं पाखरांना, फुलपाखरांना, बेडकांना राहता येईल अशी करायची.

पहिल्या बैठकीत अपेक्षित शंका आलीच. एवढ्याशा जागेत काय येणार? याला उत्तर म्हणून मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका बागेचं उदाहरण दिलं. जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घराच्या साध्या बागेत १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंदी ठेवल्या. एकूण जाती भरल्या २,६७३, त्यांपैकी जवळजवळ दोन हजार नुसते कीटक. बाग काही राखीव जंगल नव्हती. भाजीपाला, फुलझाडं, थोडी हिरवळ, एवढंच. फक्त त्या विष फवारत नसत. हा शेवटचा भाग मी मुद्दाम दोनदा सांगितला होता. पहिल्या वर्षात तो कोणी फार मनावर घेतला नाही.

पहिल्या वर्षी काय केलं

गटाने अमेरिकेतल्या नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनची यादी आधाराला घेतली. ही संस्था १९७३ पासून घराभोवतीच्या जागांना वन्यजीवांसाठीचा अधिवास म्हणून प्रमाणपत्र देते. खाद्य, पाणी, आसरा, पिलं वाढवायला जागा आणि विषाशिवाय केलेली निगा, असे तिचे पाच निकष. यादी चांगलीच आहे, पण ती एका घराच्या बागेचा विचार करते. भिंतीपलीकडच्या माणसाचं काय करायचं, हे ती सांगत नाही. आमचं सगळं प्रकरण त्या भिंतीपलीकडेच घडलं.

खाद्य म्हणून लिंबू, कढीपत्ता, रुई, अडुळसा, पानफुटी अशी झाडं आली. पाण्यासाठी तीन घरांनी सिमेंटचे टब जमिनीत बसवून छोटी तळी केली आणि बाकीच्यांनी पक्ष्यांसाठी मातीची पसरट भांडी ठेवली. आसऱ्यासाठी पट्ट्याच्या एका टोकाला पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्यांचा ढीग राहू दिला. दोन-तीन घरांनी भिंतीच्या तळाशी वीतभर भोकं पाडली, म्हणजे बेडूक, सरडे या परसातून त्या परसात जाऊ शकतील. कल्पना ब्रिटनमधून घेतलेली. तिथे साळूसारख्या काटेरी पण किडे खाणाऱ्या हेजहॉगसाठी शेजारी-शेजारी कुंपणात १३ सेंटिमीटरची चौकोनी वाट ठेवतात.

घाणेरीवरून थोडा वाद झाला. एका घरी ती आधीपासून होती आणि तिच्यावर फुलपाखरांची गर्दी असायची. ‘‘फुलपाखरं हवीत ना? मग हीच लावा की सगळीकडे,’’ असं त्या ताईंचं म्हणणं. मुद्दा वरकरणी बिनतोड. पण मधुरस पाजणारं झाड वेगळं आणि अंडी घालायचं झाड वेगळं. घाणेरी पहिल्या प्रकारात मोडते, शिवाय ती परकी. ती जिथे शिरते तिथे दुसरं काही उगवू देत नाही, आणि तिच्या बिया पाखरंच दूरवर नेतात. ताईंची घाणेरी काढायची नाही, पण नवीन लावायची नाही आणि फळं धरायच्या आत छाटायची, असं ठरलं. तडजोड होती, पण पहिल्याच महिन्यात एका झाडापायी माणूस गमवण्यापेक्षा बरी. शिवाय स्थानिक-परक्याचं गणित दरवेळी सरळ सुटत नाही. पानफुटी मूळची मादागास्करची, तरी तांबडी-काळी-पांढरी ‘रेड पिएरो’ फुलपाखरं तिच्यावर सुखाने अंडी घालतात.

अडचणी

पहिली अडचण लिंबावर दिसली. फुलपाखरं आली, कोवळ्या शेंड्यांवर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळी अंडी एकेक करून घालून गेली. अळ्या बाहेर पडल्या. लहानपणी ही अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-काळी, मधे पांढरा पट्टा. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना याचं भलतंच वेड लागलं होतं. पण काही घरांतल्या अळ्या हिरव्या होईपर्यंत जगल्याच नाहीत. पानं कुरतडलेली आणि खाली मेलेल्या अळ्या.

कारणं दोन निघाली. एक, काही रोपं नर्सरीतून आंतरप्रवाही कीटकनाशक घालूनच आली असावीत. ही औषधं मुळातून शिरून पानात, फुलात, परागात पोचतात, वरून धुऊन जात नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली, ती मुख्यतः मधमाश्यांच्या काळजीने. दुसरं कारण अगदी घरातलं होतं. माळी. त्याला पानं खाल्लेली दिसली की तो फवारायचा, कारण गेली कित्येक वर्षं त्याला त्याबद्दलच शाबासकी मिळत होती. अकरा घरांनी आपापसात सगळं ठरवलं, पण रोज झाडाला हात लावणाऱ्या माणसाला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

दुसरी अडचण पावसाळ्यात आली, आणि ती गंभीर होती. वसाहतीत दोन जणांना डेंगी झाला. बोट सरळ तळ्यांकडे गेलं. कमिटीने धूरफवारणी आठवड्यातून एकदावरून दोनदा केली आणि तळी बुजवावीत अशी नोटीस लावली.

हे धुमसत असतानाच तिसरी. पट्ट्यातल्या फांद्यांच्या ढिगाजवळ भरदुपारी एका मुलाला साप दिसला. मोबाइलवरच्या फोटोवरून तो धामण असल्याचं कळलं. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी. पण दोन मीटरचा साप परसामागून सळसळत जाताना पाहिलेल्या माणसाला हे सांगून काही उपयोग नसतो. समोरच्या ओळीतल्या एक काकू बैठकीत म्हणाल्या, ‘‘हौस तुमची, ठीक आहे. पण फुलपाखरं तुमची आणि साप आमचे, असं कसं चालेल?’’

या एका वाक्यापुढे गटातल्या कोणाकडे तयार उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. फायदा अकरा घरांना आणि धास्ती तीस घरांना, अशीच ती वाटणी झाली होती.

पर्याय

कमिटीने विशेष सभा बोलावली. त्याआधी गटाने आठवडाभर कागदावर पर्याय मांडले. साप आणि डास हे विषय वेगवेगळे घ्यायचे, हा त्यातला पहिला शहाणपणाचा निर्णय. एकत्र घेतले असते तर सभेत ‘सगळं साफ करून टाका’ या एकाच ठरावावर गाडी गेली असती.

डासांबाबत तीन वाटा होत्या. तळी बुजवून फवारणी चालू ठेवायची, किंवा फवारणी बंद करून तळी ठेवायची, किंवा तिसरी वाट, पाणी ठेवायचं पण नियमात आणि फवारणीही नियमात. गटातल्या काहींचा जोर दुसऱ्यावर होता. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. धुराने त्या क्षणी उडत असलेला डास मरतो, पाण्यातल्या अळीला तो लागत नाही, आणि त्याबरोबर पतंग, माश्या, फुलपाखरं मात्र मरतात. पण घरात तापाने माणूस पडलेलं असताना ‘फवारणी बंद करा’ म्हणणं मला चुकीचं वाटलं आणि मी तसं बोललो. आजार पसरत असेल तेव्हा उडते डास तातडीने कमी करायला फवारणीचा उपयोग असतो. ती दर आठवड्याला सवयीने करणं हा खरा प्रश्न.

मग कोणीतरी सुचवलं की भांडण्याआधी पाहून तरी घेऊ. कमिटीचे खजिनदार, गटातले दोघं आणि माळी असे एका सकाळी टॉर्च आणि एक पांढरं पसरट भांडं घेऊन घरोघर फिरले. जिथे पाणी दिसेल तिथलं थोडं भांड्यात ओतायचं. पांढऱ्यावर डासाची अळी लगेच उठून दिसते, वळवळत खाली जाते, पुन्हा वर येऊन शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून उलटी लटकते. डेंगीच्या एडिस डासाला तळं-बिळं लागत नाही, घोटभर साचलेलं पाणी पुरतं. अळ्या सापडल्या त्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत, गच्चीवर पडलेल्या एका बादलीत, एसीच्या पाण्याखाली ठेवलेल्या डब्यात, एका टाकीच्या तुटक्या झाकणाखाली. तीनपैकी दोन तळ्यांत अळ्या जवळजवळ नव्हत्या. तिथे चतुरांची पिल्लं होती. पाण्यात राहणारं हे पिल्लू खालचा जबडा हातासारखा पुढे फेकून डासाची अळी उचलतं, आणि खजिनदारांनी ते त्याच भांड्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पण तिसऱ्या तळ्यात अळ्या होत्या. नवीन टब, वनस्पती नाहीत, शिकारी अजून आलेले नाहीत. आणि पक्ष्यांच्या भांड्यांपैकी दोन चक्क डासांची पैदास केंद्रं झाली होती, कारण ती घरं गावाला गेली होती. म्हणजे तक्रार अर्धी खोटी आणि अर्धी खरी. गटाने हा खरा अर्धा भाग सभेत आपणहून आधी सांगितला. माझ्या मते सभेचा कल तिथेच बदलला.

सापाबाबतही पर्याय होते. पट्टा जमिनीपर्यंत साफ करून भिंतीची भोकं बुजवायची. किंवा सर्पमित्राला बोलावून दिसेल तो साप दूर सोडून द्यायचा. किंवा साप येणारच हे धरून माणसांचा आणि त्याचा रस्ता वेगळा करायचा. दुसरा पर्याय सगळ्यांना आवडणारा, पण त्यात दोन खोड्या आहेत. अनोळखी जागी सोडलेला साप भटकत राहतो आणि बहुतेकदा टिकत नाही. आणि इथे उंदीर असतील तर रिकामी जागा दुसरा साप भरतो, तो धामणच असेल याची हमी कोण देणार? शेवटचा मुद्दा काकूंनाच सर्वात आधी पटला.

काय ठरलं, काय केलं

पाण्याचे नियम असे झाले. ज्या घरी पाणी, त्या घराचं नाव फलकावर. पक्ष्यांच्या भांड्यातलं पाणी रोज ओतायचं आणि दर रविवारी कोरडा दिवस, त्या दिवशी भांडं ब्रशने घासून उन्हात वाळवायचं. नुसतं ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्याचं अंतर. घर बंद करून जाताना भांडी पालथी. कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्याच घरांतून गेल्या, गटातल्याही आणि बाहेरच्याही. पांढऱ्या भांड्याची फेरी पावसाळाभर चालू ठेवायची, आणि तिच्यात दर वेळी गटाबाहेरचा एक जण असायलाच हवा.

तळ्यांत मासे सोडायचे का, यावर बरंच बोलणं झालं. गप्पी आणि गॅम्बुसिया सहज मिळतात, अळ्याही खातात. पण दोन्ही मूळचे अमेरिका खंडांतले. बेडकांची अंडी आणि पाण्यातली पिल्लंही ते सोडत नाहीत, आणि मोठ्या पावसात पट्ट्यातल्या प्रवाहात गेले की परत धरता येत नाहीत. बेडूक हवे असतील तर हे मासे नकोत, असं माझं मत होतं आणि गटाने ते घेतलं. अळ्या असलेल्या तिसऱ्या तळ्यात पाणवनस्पती सोडल्या, आणि शिकारी कीटक येईपर्यंत बीटीआय वापरलं. हा १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला जिवाणू. डासांच्या आणि त्यांच्या काही जवळच्या नातलगांच्या अळ्यांना मारतो, चतुर-बेडकांना त्रास देत नाही.

फवारणीचं कलम कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं : वसाहतीत किंवा लगत रुग्ण आढळला किंवा आरोग्य खात्याने सांगितलं तरच, आणि आदल्या दिवशी सूचना देऊन. सवयीची साप्ताहिक फवारणी बंद.

सापांसाठी जागेची वाटणी केली. मागच्या दारांपासून चार-पाच पावलांचा पट्टा कायम कापलेला, पानं झाडलेला. फांद्यांचा ढीग घरांपासून लांबच्या टोकाला, भिंतीला न टेकवता. उंदीर कशावर जगतात ते शोधलं, तर उत्तर निघालं उघड्या कचरापेट्या आणि भटक्या मांजरांसाठी रात्रभर ठेवलेलं खाणं. पेट्यांना झाकणं आली. खाण्याची वेळ ठरली आणि उरलेलं उचलायचं ठरलं. पट्ट्यात दिवे लावावेत अशी मागणी होती, तिथे रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यांऐवजी माणूस आला की लागणारे पिवळसर दिवे बसवले, कारण रात्रभराच्या पांढऱ्या प्रकाशाने पतंग आयतेच मरतात. फलकावर सर्पमित्राचा नंबर आणि सर्पदंशावरचं प्रतिविष ज्या रुग्णालयात नक्की मिळतं त्याचं नाव. धामण सापडली म्हणून नाग किंवा घोणस येणारच नाही, असं गटाने कुठेही म्हटलं नाही. अंधारात टॉर्च आणि पायात बूट, हे पोरांना पाठ.

आणि माळी. त्याला सभेला बोलावलं तेव्हा त्याने स्वतःचं गाऱ्हाणं मांडलं. एका घरी पानं झाडली नाहीत म्हणून बोलणी खायची, शेजारच्या घरी झाडली म्हणून. ‘‘साहेब, एकदा काय ते लिहून द्या,’’ एवढंच तो म्हणाला. मग कराराचा कागद बदलला. पाला जाळायचा नाही. विचारल्याशिवाय फवारायचं नाही. छाटणीआधी फांदी चाळून घरटं पाहायचं. वाळकी फांदी धोक्याची नसेल तर ठेवायची. पट्ट्यात एक पाटी लागली, ‘पानं मुद्दाम ठेवली आहेत’. पाटीचा उपयोग माळ्याला सर्वात जास्त झाला, कारण त्यानंतर येता-जाता कोणी त्याला आळशी म्हणेना.

रोपं नर्सरीतून घ्यायची तर औषध न घातलेलीच, नाहीतर एकमेकांच्या घरच्या फांद्यांवर आणि बियांवर भागवायचं. रुईला तर विकत घ्यायचीही गरज नव्हती, ती पट्ट्यात आपोआपच उगवत होती आणि दरवर्षी उपटली जात होती.

परिणाम

दुसऱ्या वर्षी लिंबावरच्या अळ्या कोषापर्यंत पोचल्या. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या वाढल्या. सर्वात गंमत झाली ती जुन्या कण्हेरीच्या कुंपणावर, जिथे गटाने काहीच लावलं नव्हतं. फवारणी थांबली तशी हबशी फुलपाखराची अंडी तिथे टिकली आणि पानांखाली आरशासारखे चकचकीत, चंदेरी कोष लटकू लागले. ज्या घराची ती कण्हेर, ते घर गटात नव्हतं. महिनाभरात आलं.

शिंपी पक्ष्याने एका परसात मोठी पानं शिवून घरटं केलं. पिलांना अळ्या नेताना तो दिवसभर दिसे. फुलांवरचा शिंजीरसुद्धा पिलांना किडे-कोळीच भरवतो, दाणे टिपणारी चिमणीही पहिले काही दिवस तेच करते. वॉशिंग्टनच्या परिसरातल्या घरांच्या बागांवरचा २०१८चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. कॅरोलिना चिकडी हा छोटा पक्षी त्यात तपासला होता. बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं की त्याची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, पण क्रोटनच्या जागी कढीपत्ता लावल्याने काय होतं हे आमच्या डोळ्यांसमोर होतं. तांबट मात्र आला नाही. मऊ वाळकं लाकूड तयार व्हायला वर्षं जातात.

गुलाबाच्या पानांच्या कडा गोल-गोल कापलेल्या दिसल्या तेव्हा दोन घरांतून रोगाची तक्रार आली. तो मधमाशीच्या नात्यातल्या पानकापी माशीचा उद्योग होता, ती ते तुकडे आपल्या बिळात अंड्यांना वेढायला नेते. झाडाचं काही बिघडत नाही. जमिनीत बीळ करणाऱ्या एकट्या माश्यांसाठी दोन परसांत मातीचा उघडा तुकडा ठेवला, कारण मधमाशीच्या नात्यातल्या जगातल्या बहुतेक माश्या पोळं बांधत नाहीत, जमिनीतच घर करतात. ही गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लोकांना पटणारी. ‘नुसती माती काय ठेवायची?’

डासांच्या तक्रारी संपल्या नाहीत. पण तक्रार आली की आता तळ्याकडे नाही, आधी गच्चीकडे पाहिलं जातं. धामण पुन्हा दोनदा दिसली. दोन्ही वेळा लोकांनी तिला वाट दिली, एकदा काकूंनी स्वतः पोरांना मागे धरून. त्या अजूनही गटात नाहीत आणि त्यांनी यावं असा आग्रहही कोणी धरत नाही.

दोन घरं बाहेर पडली, एक भाडेकरू बदलल्यामुळे, दुसरं मांजरांच्या वादातून. मांजरांना खाऊ घालणाऱ्या मुलीला आपल्यावर खलनायकाचा शिक्का बसल्यासारखं वाटलं, आणि तिचं ते वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं. पक्ष्यांची भांडी झुडपांपासून दोन-तीन मीटर लांब, मोकळ्यात हलवली, म्हणजे दबा धरायला जागा उरत नाही. हे आधी केलं असतं तर वाद इतका चिघळला नसता.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी सगळ्यात शेवटी आणायला हवं होतं. पाणी पहिल्याच महिन्यात आलं कारण ते दिसतं, फोटो चांगला येतो. पण देखभालीची शिस्त बसण्याआधी आलेलं पाणी ही शेजाऱ्यांच्या हातात दिलेली तक्रार असते. पहिलं वर्ष फक्त थांबवण्यात घालवलं असतं, फवारणी, पाला जाळणं, घरट्यांच्या दिवसांतली छाटणी, तरी कण्हेरीवरचे कोष आलेच असते.

झाडं लावण्याआधीच्या नोंदी नाहीत. आता पोरं दर शनिवारी ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी चालून फुलपाखरं मोजतात, ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७६ पासून देशभर चालते. पण ‘आधी किती होती?’ या कमिटीच्या प्रश्नाला गटाकडे उत्तर नाही, आणि पुढच्या निवडणुकीनंतर हा प्रश्न कमी मैत्रीच्या सुरात विचारला जाऊ शकतो.

विरोध करणाऱ्या घरांशी साप दिसण्याआधी बोलायला हवं होतं. माहिती द्यायला नव्हे, विचारायला : मागच्या दारी काय आलेलं चालेल, काय चालणार नाही, तुमची म्हातारी माणसं रात्री कुठून जातात. चार पावलांचा कापलेला पट्टा ही कल्पना काकूंची होती. ती पहिल्या महिन्यात मिळाली असती.

भिंतीच्या भोकांबद्दल मात्र माझं मत गटाहून वेगळं आहे. सभेत ती तात्पुरती बुजवायचं ठरलं आणि गटाने ते मान्य केलं. मला ती तडजोड जास्तीची वाटली. साप भिंतीवरूनही जातो, गटारातूनही जातो. भोकं बंद झाल्याने अडकतात ते बेडूक. दुसऱ्या पावसात एका तळ्यातून बाहेर पडलेले नखाएवढे बेडूक चार भिंतींच्या आतच राहिले आणि फरशीवर उन्हात वाळले. दोन्ही ओळींतल्या चार घरांनी आता भोकं पुन्हा उघडायची परवानगी मागितली आहे, या वेळी जाळीची सरकती झडप लावून, म्हणजे ज्याला भीती वाटेल त्याने आपल्या बाजूने बंद करावी. अर्ज कमिटीपुढे आहे. फवारणीच्या कंत्राटाचं नूतनीकरणही त्याच बैठकीत आहे आणि जुन्या दराने साप्ताहिक फवारणीचा प्रस्ताव कंत्राटदाराने पुन्हा पाठवला आहे.